देवी मराठीत बोलली

अन्नपूर्णाबाईंनी देवघरातून पोथी उचलली, तिच्यावरच्या वाळक्या अक्षता पदरानं झटकल्या आणि ती आणून नातीच्या पुढ्यात टाकली.

"तो मोबाईल ठेव. आणि हे वाच. शेवटचा आठवडा काढ."

हरिणीनं उशी पाठीशी ओढली. पाचवा महिना लागला होता. गेल्या वर्षीचं चौथ्यातच गेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं आणि ती अण्णा नगरच्या या फ्लॅटमध्ये आजीकडे येऊन राहिली. तीन आठवडे तिची ऊठबस करून अन्नपूर्णाबाईंच्या गुडघ्यांचं भुस्काट झालं होतं. पण सांगणार कुणाला? ऐकायला होता तो माणूस आठ वर्षांपूर्वीच गेला.

पोथी कसली, तमिळ साप्ताहिकातली क्रमशः गोष्ट. दर आठवड्याची पानं कापून नवऱ्यानं, बालाजीरावांनी, ती दाभणानं शिवली होती. पन्नास वर्षांपूर्वी अन्नपूर्णाबाई अशाच पडून होत्या. दोन गेलेली, तिसरं पोटात. शाळा दुसरीतच सुटलेली, म्हणून नवऱ्यानं वाचायचं नि यांनी ऐकायचं. पानावर तमिळ, पण त्यांच्या तोंडून उतरायचं ते घरातलं तंजावरी मराठी. गोष्टीतल्या बाईनं तापानं फणफणलेलं लेकरू देवीच्या पायावर घातलं, देवीनं ते हसतं करून परत दिलं. अन्नपूर्णाबाईंनी पडल्यापडल्या हात जोडले. विश्वजित जन्मला, जगला, आता त्याला टक्कलही पडलं. तेव्हापासून दर मंगळवारी त्या देवीच्या नावानं दिवा, आणि सरस्वतीपूजेला पुस्तकांच्या चळतीवर सगळ्यांत वर ही पोथी. कुंकू लावायचं. उघडायची मात्र नाही.

बालाजीरावांनी जन्मात देवापुढं मान तुकवली नाही. "माझ्या पुण्याईवर जेवताय," हे बायकोचं बोलणं त्यांनी दर मंगळवारी ऐकलं आणि मुकाट जेवले.

"ऐकता ऐकता तूही नवस बोल," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"आजी, माझा नाही गे विश्वास."

"तुझ्या आजोबांचा तरी कुठं होता? देवी काय त्यांच्यासाठी अडून बसली?"

हरिणी हसली आणि वाचू लागली. बाई पुराच्या पाण्यातून देवळाकडे निघाली. पदराखाली लेकरू. पायऱ्या चढली. मग हरिणीचा आवाज हळू झाला, आणि थांबला.

"काय झालं?"

"काही नाही. कॉफी देतेस थोडी?"

"आधी वाच."

हरिणीनं वाचलं. देवळाच्या शेवटच्या पायरीवर लेकरू गार पडलं. आई देवीकडे बघत राहिली. देवी दगडाची होती.

"पान सुटलंय मधलं."

"नाही आजी. खाली समाप्त लिहिलंय."

अन्नपूर्णाबाई खाटेच्या कडेला टेकल्या. त्या दुपारी बालाजीरावसुद्धा असेच थांबले होते. ठसका लागला म्हणाले, उठून पाणी प्यायले. परत आले आणि देवी बोलली: 'खुळे, रडतीस काय? घेऊन जा आपलं पोर.' पन्नास वर्षं दिवा लावताना हेच बोल कानात यायचे. आणि खुळे म्हणून त्यांना हाक मारणारं या जगात एकच माणूस होतं.

"लबाड," त्या पुटपुटल्या.

"कोण? देवी?"

"नव्हे."

हरिणीचे दोन्ही हात पोटावर गेले होते. "मला ठाऊकच होतं, आजी. या खेपेलाही…"

"गप. वाचायला येतंय कुठं तुला! इंग्रजी शाळेत घातल्याची फळं." अन्नपूर्णाबाईंनी पोथी ओढून घेतली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "इकडे बघ. देवीनं डोळे उघडले. म्हणाली, खुळे, रडतीस काय…"

बोट ओळीवरून सरकत गेलं, ओळ संपली तरी सरकत राहिलं. हरिणीनं एकदा पानाकडे पाहिलं, एकदा आजीच्या तोंडाकडे.

मग तिनं विचारलं, "आणि ते पोर? मोठं झालं?"

इतकं पुढचं बालाजीरावांनी कधी सांगितलं नव्हतं. बोटाखाली नुसता कोरा कागद होता.

"झालं तर," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "ही एवढी उनाड मुलगी. आईचं एक ऐकत नव्हती. तांबरमहून शाळा बुडवून आगगाडीनं समुद्रावर जायची. सगळं सांगते. तू हात सैल कर आधी. किती आवळून धरलंयस तिला."