साहूंच्या दारावरचा कडुलिंब

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे रायपूरच्या तात्यापाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सगळ्यांना ठाऊक आहे. दूधवाल्यापासून वीज कंपनीपर्यंत मी सगळ्यांशी भांडलोय आणि बहुतेक वेळा जिंकलोय. म्हणूनच, ज्या वर्षी खरोखर कुणाची तरी गचांडी धरावीशी वाटली त्याच वर्षी समोर माणूस सापडू नये, हे मला अजून पचत नाही.

आम्ही मूळचे वर्ध्याचे. मी कृष्णा, नवा रायपूरच्या एका सरकारी कचेरीत इंजिनिअर. बायको कौमुदी इथल्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मुलगा ओजस सात वर्षांचा, आमचं मराठी सगळं समजतो आणि उत्तर हिंदीत देतो. ओजस लहानपणापासून आजारी. तोंडात फोड आले की महिना महिना जायचे नाहीत. हातांवर चामखिळी. पाचव्या वर्षी, दुसऱ्या पोरांना तीन दिवसांत सोडतो तसल्या तापानं त्याला महिनाभर दवाखान्यात ठेवलं. शेवटी नागपूरला रक्त तपासलं, तेव्हा कळलं की त्याच्या रक्तात नॅचरल किलर नावाच्या पेशी जवळजवळ नाहीतच.

रिपोर्ट वाचून कौमुदी हसली. ते हसू मला अजिबात आवडलं नाही. म्हणाली, हा भाग आमच्या पुस्तकात अर्धं पान आहे, मी तो दरवर्षी घाईघाईनं उरकते, पेपरात दोन मार्कांना येतो. मी चिडून म्हटलं, ते अर्धं पान मले समजेल असं सांग.

"पाहा," ती म्हणाली, "शरीराचं शिकलेलं सैन्य असते, पण नवा विषाणू आला की त्याले तयार व्हायले आठवडा लागते. तोवर घर कोन सांभाळते? ह्या पेशी. ह्यायले शिकवा लागत नाही. ओजसजवळ तो आठवडा सांभाळणारं कोणी नाही."

मग तिनं बाकीचं सांगितलं. आपल्या शरीरातली प्रत्येक चांगली पेशी आपली ओळख छातीवर बिल्ला लावल्यासारखी बाहेर दाखवत असते. आत विषाणू शिरला असेल तर त्याचा तुकडाही त्या बिल्ल्यावर दिसतो, आणि शिकलेलं सैन्य तेवढं पाहून त्या पेशीला गाठतं. पण काही विषाणू बिलंदर असतात, कांजिण्यांचा विषाणू त्यांतलाच. ते आत शिरले की तो बिल्लाच काढून लपवून ठेवतात. मग शिकलेल्या सैन्याला काही दिसत नाही. या नॅचरल किलर पेशी मात्र उलटा प्रश्न विचारतात, तुझा बिल्ला कुठाय? नसेल तर त्या पेशीला भोकं पाडतात, आत विष सोडतात आणि विषाणूची पिलावळ वाढायच्या आत तिला मारून टाकतात. आजूबाजूच्यांना सावध करतात ते वेगळंच. मला हे इतकं आवडलं की क्षणभर मी विसरलोच, आपल्या पोराजवळ हे नाही.

इलाज एकच होता, अस्थिमज्जा बदलायची. जुळणारा दाता मिळेपर्यंत पोराला जपायचं. कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची, म्हणून ती ओजसला चालायची नाही. सरकारी लसींच्या यादीत ती नाही, त्यामुळे पाऱ्यातल्या बाकीच्या पोरांनाही कुणी दिलेली नव्हती. म्हणजे आमचं पोर देवाच्या भरवशावर, आणि माझं देवाशी फारसं सख्य नाही. होळीपासून, म्हणजे कांजिण्यांचा मोसम सुरू झाला की आम्ही त्याची शाळा बंद करत असू. तो खिडकीत बसून समोरच्या यशदीपशी गप्पा मारायचा.

यशदीप हा शालिग्राम साहूंचा मुलगा. शालिग्राम पंडरीच्या कापडबाजारात एका ठोक दुकानात काम करतात. त्यांचं दार आणि आमचं दार एकाच अंगणात, समोरासमोर. भांडायला सोयीचं, पण त्यांच्याशी भांडावं असं दहा वर्षांत काही घडलं नव्हतं.

पाडव्याच्या सकाळी मी गुढी बांधत होतो. कौमुदी रांगोळीला बाहेर आली, तेव्हा तिला साहूंच्या चौकटीवर कडुलिंबाचा हिरवागार डहाळा दिसला. तिला फार कौतुक वाटलं. आपलं पाहून पाहून साहूंनीही पाडवा सुरू केला, असं ती म्हणाली. मी म्हटलं, दहा वर्षं आपली पुरणपोळी खाऊन राहिले, एवढं तर करतीलच. यशदीप तीन-चार दिवस खिडकीत दिसला नव्हता. सुट्टीत मामाकडे गेला असेल असं आम्ही धरून चाललो होतो. ओजस मागे लागला, साहू दीदीला, म्हणजे यशदीपच्या आईला, गाठी आणि प्रसाद मी नेऊन देतो. समोरचं तर दार. सणाचा दिवस. कौमुदीनं माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. पोरगं ताट सांभाळत, जिभेचं टोक बाहेर काढून, अंगण ओलांडून गेलं.

ते अर्ध्या तासानं आलं. खुशीत होतं. यशदीप घरीच होता म्हणे, पलंगावर दोघं खूप खेळले.

संध्याकाळी शालिग्राम दुकानातून आले ते घरात न जाता अंगणाच्या मध्यावर उभे राहिले. बायकोनं त्यांना सगळं सांगितलं असणार. हात जोडलेले होते. म्हणाले, "भैया, हमर घर माता आय हे। तेकर सेती त लीम टाँगे रेहेन।"

आमच्या घरी माता आली आहे, म्हणूनच तर कडुलिंब टांगला होता. कांजिण्यांना इथे माता म्हणतात. घरात माता आली की कुणी बोभाटा करत नाही, दारावर कडुलिंब लावतात आणि पाहणारा समजून दूर राहतो. सगळ्या पाऱ्याला ही खूण कळते. आमच्या वर्ध्यालाही कळते, कौमुदीच्या आईनंही तिच्या लहानपणी असाच डहाळा लावला होता. पण पाडव्याच्या दिवशी दारावर कडुलिंब दिसला तर मराठी माणसाच्या मनात दुसरं काही येतच नाही. साहू दीदी दोन रात्री पोराजवळ जागून आतल्या खोलीत पडल्या होत्या. दार उघडं होतं. जाग आली तेव्हा दोन्ही पोरं पलंगावर होती, आणि मातेच्या घरी आलेल्या लेकराला हाकलत नाहीत, म्हणून त्यांनी ओजसला पाणी देऊन प्रेमानं परत पाठवलं.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आता आठवत नाही, पण सगळा पारा गोळा झाला. शालिग्राम मान खाली घालून ऐकत राहिले. मध्येच माझ्या लक्षात आलं की या माणसानं जे करायला हवं होतं ते सगळं केलं होतं. मग माझा आवाज आपोआप बसला. राग मात्र होता तिथेच राहिला, त्याला जायला जागा नव्हती.

डॉक्टरांनी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन मागवायला सांगितलं. ते रायपुरात मिळेना. नागपूरहून बर्फाच्या डब्यातून आणलं आणि वेळेत दिलं. मी विचारलं, आता धोका टळला का. डॉक्टर म्हणाले, कमी झाला. आता चार आठवडे वाट पाहायची, इंजेक्शनमुळे मुदत तेवढी लांबते. एकही फोड दिसला तर त्याच घटकेला घेऊन या. या मुलात पहिला दिवस हातचा जाऊ द्यायचा नाही.

वाट पाहणं म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी कामाचा माणूस. नळ गळला तर पाना घेऊन बसतो, फाईल अडली तर साहेबाच्या टेबलावर जाऊन बसतो. इथे करण्यासारखं काहीच नव्हतं. रोज सकाळी आंघोळीआधी ओजसला उजेडात उभं करायचं आणि दोघांनी मिळून त्याचं अंग तपासायचं. पाठ, पोट, काखा, केसांची मुळं. रायपूरचा उन्हाळा, त्यामुळे घामोळं रोजचंच. एक डास चावला तरी कौमुदी भिंग घेऊन बसायची. पुढे पुढे ओजस आम्ही सांगायच्या आधीच हात वर करून उभा राहायला लागला. तो स्वतःच्या अंगाकडे पाहत नसे, आमच्या चेहऱ्यांकडे पाही.

घरात हसणं बंद झालं. कौमुदी कॉलेजातून आली की पर्स खांद्यावरच ठेवून त्याचं कपाळ चाचपायची. एकदा तिनं सांगितलं की वर्गात तेच अर्धं पान आलं. एका मुलीनं विचारलं, मॅडम, ह्या पेशी नसल्या तर काय होतं? ती तास सोडून बाहेर आली. मी तिला म्हटलं, घाबरून नको राहू, होईल सगळं ठीक. मला ते कुठून माहीत, असं तिनं विचारलं नाही. एवढा मोठेपणा तिनं दाखवला.

समोर यशदीपच्या खपल्या पडल्या. दह्याभाताचा नैवेद्य झाला, माता शांत झाली. तो आठ दिवसांत अंगणात सायकल फिरवायला लागला. त्याच विषाणूशी त्याचं शरीर लढलं आणि कुणाला पत्ताही न लागता जिंकलं. मला त्या पोराचा हेवा वाटला, आणि सात-आठ वर्षांच्या लेकराचा हेवा करणाऱ्या माणसाची मला लाज वाटली.

एकेक आठवडा करत मुदत संपत आली. शनिवारी डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, उद्याचा दिवस गेला की समजा सुटलात. शनिवारी सकाळी आम्ही ओजसचं अंग इंच इंच पाहिलं, ते स्वच्छ होतं.

रविवारी सकाळी ओजस म्हणाला, आता मी मोठा झालो, आज मी खुद नहाऊंगा. कौमुदी ऐकेना. मीच म्हटलं, नहाऊ दे त्याले, महिनाभर पोट्ट्याले गाईसारखं धुऊन राहिलो आपण. त्यावर कौमुदी हसली, अगदी पोट धरून. तिचं हसू थांबेचना, तिचं पाहून मीही हसत सुटलो, आणि त्या हसण्यात तपासणी राहून गेली. तिनं श्रीखंड केलं. संध्याकाळी मी दोघांना स्कूटरवर घालून बूढा तालाबाला नेलं. एवढ्या उकाड्यात पोरानं पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्यावर टोपी घातली होती. मी त्याला हीरो म्हणून चिडवलं. त्यानं टोपी आणखी खाली ओढली. घरी परतताना कौमुदीनं मागून माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली. कित्येक दिवसांनी.

सोमवारी सकाळी त्याला उठवायला गेलो तर अंग तव्यासारखं तापलेलं. टोपी तशीच डोक्यावर. ती काढली, तर केसांत, कानामागे, मानेवर पाण्यानं भरलेले फोड. शर्टाच्या आत तर मोजण्यापलीकडे. कौमुदीनं लगेच दवाखान्याची पिशवी भरायला घेतली.

दवाखान्यात लगेच सलाईनमधून औषध सुरू केलं. दुपारपर्यंत त्याला दम लागायला लागला, विषाणू फुप्फुसात उतरला होता. डॉक्टर छातीचा फोटो उजेडाला धरून म्हणाले, "कल ले आते तो..." आणि पुढचं गिळून टाकलं. मी कौमुदीला विचारलं, आता काय करायचं. इतकी वर्षं तिच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असायचं. ती म्हणाली, "आता शिकलेलं सैन्य तयार होईलोक थांबाचं. तोवर औषध एकटं लढून राहिलं." ते सैन्य वेळेत येईल का, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी ओजसला थोडी हुशारी आली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी पलंगाच्या कडेला बसलो. मला त्याला रागवायचं नव्हतं. मला फक्त कळून घ्यायचं होतं. मी हळूच विचारलं, फोड कधी दिसले बेटा? त्यानं एक बोट वर केलं, कल. नहाते समय.

"मग सांगितलं काहून नाही रे?"

त्यानं हातानं मास्क खाली ओढला. श्वास घेतला, पुन्हा घेतला.

"मम्मी हँस रही थी, पापा," तो म्हणाला. "आप भी।"

कौमुदी उशाशी उभी होती, तिनं ऐकलं. त्याला आणखी काही सांगायचं होतं, पण त्याचा दम पुरेना. मी मास्क त्याच्या तोंडावर नीट बसवला आणि म्हणालो, बोलू नको.