एका नळीवरची तोंडं

उस्तादांच्या दमाबद्दल काचेच्या कारखान्यात जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे, पण उरलेलं निम्मंही काही कमी नाही. फुंकता फुंकता एकदा त्यांना शिंक आली आणि बरणीला दोन माना फुटल्या. गिऱ्हाइकानं तीच बरणी हौसेनं नेली म्हणे. त्यांच्या एका फुग्यात मांजर व्याली होती, असंही सांगतात. ती आत शिरली कशी, ते विचारायचं नाही.

अशा या माणसानं एका सकाळी नळी ओठांना लावली आणि फुंकर न मारता तो थबकला. नळीचं तोंड खारट लागलं होतं.

काच फुंकायची लोखंडी नळी एकच असते आणि ती तोंडातून तोंडात जाते. पहिली फुंकर एकानं मारायची, पोट उस्तादांनी फुगवायचं आणि मान तिसऱ्यानं ओढायची. या तिसऱ्याला सगळे म्हणूनच मानकरी म्हणत. काच कुणासाठी थांबत नाही, जरा हयगय झाली की थिजते. आणि नळी पुसायची नाही. पुसली म्हणजे आधीच्या माणसाच्या तोंडावर थुंकल्यासारखंच, त्यावरून भट्टीपुढे डोकी फुटलेली आहेत.

पहिली फुंकर मारायचा उस्तादांचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. अंगानं असा की त्याचं नावच काडी पडलं होतं. थंडी सरली तरी त्याचा खोकला सरला नव्हता. उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो बाहीनं ओठ टिपत होता आणि बाहीवर तांबडं उमटलं होतं. मानकरी हात पुढे करून उभा होता. उस्तादांनी डोळे मिटले, फुंकलं आणि नळी न पुसता त्याच्या हातात दिली.

कारखान्याच्या फाटकाशी डॉक्टरांची खिडकी होती, पण ती फक्त पितळी बिल्लेवाल्यांसाठी. बिल्ला म्हणजे कायमचा कामगार. उस्तादांच्या छातीवर तो होता, काडीच्या आणि मानकऱ्याच्या नव्हता. गावातलं मोठं इस्पितळ दारातच खिसा चाचपून बघे. आणि खोकल्याचा बोभाटा झाला तर काडीचं काम त्याच दिवशी जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी बायको म्हणाली की तुमच्या फुंकरीनं मांजरी व्यायल्या, आता माझ्या भावासाठी काही होतंय का बघा. टोमणा वर्मी लागला. उस्तादांनी मग जे केलं ते त्यांना फार हुशारीचं वाटलं. काडीचा बेडका स्वतः फुंकलेल्या डबीत घेतला आणि खिडकीत जाऊन आपला म्हणून दिला. डॉक्टरांनी टीबी सांगितला. कारखान्यातलं छातीचा फोटो काढायचं यंत्र कधीचं बिघडलेलं होतं, ते या हुशारीच्या पथ्यावर पडलं. तुमची नळी आणखी कोण वापरतं, असं डॉक्टरांनी विचारल्यावर उस्तादांनी छाती काढून सांगितलं की उस्तादाची नळी वेगळीच असते. फुंकणं बंद ठेवतो, हेही कबूल केलं. डॉक्टर भट्टीच्या झळांकडे कधी फिरकत नसत.

गोळ्या काडीच्या पोटात जाऊ लागल्या. त्याला नळीवरून काढून पेंढ्यात बरण्या बांधायला बसवलं. काडीच्या गालांवर मांस चढलं, तो शिट्ट्या मारू लागला. बायको खूश झाली. उस्ताद फुंकत राहिले, आणि एका दुपारी बरणीचं पोट अर्धं फुगून बसलं. दम पुरला नाही.

आधी रात्री उशी घामानं भिजू लागली, मग खोकला आला. उस्तादांना आता भट्टीसमोरही हुडहुडी भरे. मानकरी हसून म्हणे की उस्ताद, म्हातारे झालात, आणि नळी घेऊन सरळ तोंडात घाली. ओरडून त्याला थांबवावं असं रोज वाटे. पण थांबवलं तर सगळंच सांगावं लागणार होतं.

शेवटी डॉक्टरांनीच त्यांना पुन्हा डबी द्यायला बोलावलं. या वेळी बेडका त्यांचा होता.

डबी तपासून डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं. मग त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं की एवढे दिवस गोळ्या घेऊनही जंतू जिवंत आहेत, म्हणजे औषध हरलंय. आता वेगळी, जालीम औषधं द्यावी लागतील. कान जाऊ शकतात. या गोळ्या आजपासून बंद.

उस्तादांना काडी दिसला. औषध अर्ध्यावर तुटलेला, पुन्हा बाही ओठांना लावणारा.

"औषध हरलं नाही, साहेब," ते म्हणाले. "माझ्या पोटात एकही गोळी गेलेली नाही."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला.

"नळीला कुणाकुणाची तोंडं लागतात?"

उस्तादांनी काडीचं नाव घेतलं, मानकऱ्याचं घेतलं, सुट्टीच्या दिवशी बदली येणाऱ्यांची घेतली. मग अडखळत म्हणाले, "आणि मालकांचं." मोठं गिऱ्हाईक आलं की मालक कोट काढून एक फुगा मारून दाखवत. परवाच दाखवला होता.

बातमी लागताच मालक धावत आले ते उस्तादांना हाकलायला. डॉक्टरांनी त्यांना हाताला धरून बाजूला नेलं आणि दोनच वाक्यं सांगितली. त्या दुपारी खिडकी सगळ्यांसाठी उघडली, बिल्ला असो वा नसो. ओळ फाटकाबाहेर गेली. मालक पुढे घुसू लागले तर झाडूवाल्या मावशींनी त्यांना मागे उभं केलं. ते निमूट उभे राहिले, रुमालानं सारखे ओठ पुसत.

काडीचं औषध त्याच्या स्वतःच्या नावानं चालू राहिलं. उस्तादांना साध्याच गोळ्या मिळाल्या. लागू पडतील, डॉक्टर म्हणाले, पण नळी बराच काळ विसरा. ओळ सरायच्या आतच मानकऱ्याच्या डबीतही जंतू सापडले.

तो फाटकाजवळच्या बाकावर बसला होता. उस्ताद शेजारी जाऊन बसले.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" त्यानं विचारलं.

उस्तादांनी आयुष्यात हजार थापा मारल्या होत्या. आताही एक जिभेवर आली, ती त्यांनी गिळली. "काडीला नळीवरून काढायच्या आधीपासून," ते म्हणाले.

मानकऱ्यानं शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. "माझ्या दोन्ही पोरी माझ्या कुशीत झोपतात," तो म्हणाला. "धाकटी चार दिवस झाले किरकिरतेय. खिडकीत पोरींना बघतात का?"

उस्तादांना ते माहीत नव्हतं. ते उठले आणि ओळ ओलांडून खिडकीशी गेले. डॉक्टरांनी ऐकलं आणि मालकांकडे पाहिलं.

"हे कुठवर जाणार?" मालक कसेबसे म्हणाले.

"ज्याच्या त्याच्या घरापर्यंत," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याही."

मालकांनी रुमाल खाली घेतला. "आणा," ते म्हणाले. "सगळ्यांना आणा."

उस्ताद सांगायला वळले तेव्हा बाक रिकामा होता. मानकरी उत्तरासाठी थांबला नव्हता; फाटकाबाहेर, भर उन्हात, तो घराकडे पळत सुटला होता.