माझी लाल शाई कुणी वाळवली?

मित्रांनो, आधी एक गोष्ट कान देऊन ऐका. मी जुना नाही! या घरात येऊन मला तीन वर्षंही झालेली नाहीत, तरी मला उठसूट 'जुना प्रिंटर' म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात तर मला कुदळवाडीच्या भंगारात घालायची भाषा झाली. माझा गुन्हा काय, तर माझ्यातून लाल रंग येईना. तो का येईना, हे मात्र एकाही माणसाला विचारावंसं वाटलं नाही. म्हणून आता मीच सांगतो. बोलता बोलता आवाज चढला तर सांभाळून घ्या. माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचाही चढला असता.

मी शाईचा प्रिंटर. माझ्या कुशीत काळी, पिवळी, निळी आणि लाल अशा शाईच्या टाक्या आहेत. लालला दुकानदार मॅजेंटा म्हणतात, आमच्या घरात ती लालच. ही शाई बारीक नळ्यांतून माझ्या हेडपर्यंत येते. हेड म्हणजे कागदावरून डावीकडे-उजवीकडे सरसर पळणारा डबा. त्याच्या तळाला डोळ्यांना दिसणारही नाहीत इतकी बारीक छिद्रं असतात. काम संपलं की हेड उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या जागेवर जाऊन बसतं आणि खालून त्याला रबराचं झाकण लागतं. झाकण लागलं की शाई ओली राहते, उघडी राहिली की वाळते. यात न कळण्यासारखं काय आहे? घरात भिजवलेली कणीकसुद्धा लोक झाकून ठेवतात. माझ्या नशिबी तेवढंही नव्हतं.

आमचं घर चिखलीच्या घरकुल वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. मला आणलं मिनलनं. ती आधी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी बांधायच्या लाइनवर होती. अंधार असतानाच कंपनीची बस यायची. मुलगी अंजली शाळेत जायला लागली, तेव्हा मिनलनं नोकरी सोडली आणि साठवलेल्या पैशांतून मला घरी आणलं. तिचा नवरा धम्मरत्न निघोजेच्या कारखान्यात आहे. माणूस भला, पण घरी बसून कसलं आलंय काम, असं तो हसत हसत म्हणायचाच. जमलं तर जमलं, नाहीतर बस आहेच, असंही म्हणायचा. ते ऐकून मिनल माझ्यात कागद घालायची.

सासरे साहेबराव मात्र थेट कामाला लागले. पिंपरीच्या एका कंपनीत, पत्रे दाबणाऱ्या अजस्र प्रेस मशीनच्या खात्यात मेंटेनन्स फिटर म्हणून त्यांची हयात गेलेली. त्यांनी ड्रिल काढलं, भिंतीला भोकं पाडली आणि माझ्यासाठी वेगळा बोर्ड बसवला. लाल दिवा, जाड बटण, सगळं पक्कं. त्या बटणाला ते 'मेन' म्हणत. माझ्यासाठी खास बोर्ड! मी काय हुरळलो होतो म्हणून सांगू. त्याच बोर्डानं पुढं माझा घात केला.

सुरुवातीला माझं कौतुकही झालं बरं का. पोरांचे शाळेचे प्रकल्प, बुद्ध जयंतीची निमंत्रणं, कुणाच्या बारशाच्या पत्रिका, सगळं मी छापलं. "मिनलकडं जा, झकास निघतं," असं खालच्या मजल्यावरच्या बाया एकमेकींना सांगायच्या. ते मला ऐकू यायचं आणि बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मग तो उन्हाळा आला. मिनलची सासू तानुबाई, मूळच्या बार्शीकडच्या. त्यांच्या हातचं काळं तिखट खाल्लेला माणूस दुसरीकडचं तिखट घरात आणत नाही. वर्षानुवर्षं त्या एका दुकानदाराला तिखट करून देत आल्या. तो ते आपल्या नावाच्या पिशवीत भरून विकायचा आणि लोक त्याची वाहवा करायचे. यंदा बचत गटाच्या बायकांनी शनिवार-रविवारची जत्रा ठरवली, आणि मिनलनं सासूपुढं हट्टच धरला की या वेळी पाकिटावर तुमचं नाव आणि तुमचा फोटो. तानुबाई आधी लाजल्या, मग रागावल्या, मग एका दुपारी कपाटातली निळी पैठणी नेसून गॅलरीत उभ्या राहिल्या. मिनलनं मोबाइलवर फोटो काढला. लेबलवर तो फोटो, खाली लाल मिरच्या आणि ठळक अक्षरांत 'तानुबाईंचं काळं तिखट'. इतकं देखणं लेबल माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

बुधवारी सकाळी मिनलनं पहिला कागद काढला. मित्रांनो, काय निघालं ठाऊक आहे? तानुबाईंचा चेहरा कैरीसारखा हिरवट! मिरच्या पिवळ्या धमक! माझी लाल छिद्रं वाळून बंद झाली होती, मी तरी काय करणार?

तानुबाईंनी चष्मा लावला. कागद हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"ही मी न्हाई," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे मिनल. तोंड नको, नाव बी नको. नुसतं तिखट लिही."

हे ऐकून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. एवढ्या वर्षांनी एक बाई स्वतःच्या नावानं उभी राहायला निघाली होती, आणि ती परत मागं फिरली कुणामुळं, तर माझ्यामुळं! निदान सगळ्यांना तसं वाटलं. खरं कारण तिथंच, भिंतीवर लाल दिवा लावून बसलं होतं.

त्यानंतर माझ्यावर जे प्रयोग झाले, ते आठवले की अजून संताप येतो. धम्मरत्ननं शाईला नावं ठेवली, हलकी म्हणाला. मग मोबाइलवरून हेड साफ करायचा हुकूम सोडला. एकदा नाही, लागोपाठ कितीतरी वेळा. प्रत्येक वेळी माझी चांगली शाई नुसती वाहून गेली आणि वर हाच म्हणतो, "केवढी पितो राव हा!" दुकानातल्या एकानं झाकण उघडून डोकावल्यासारखं केलं आणि हेड गेलं म्हणून सांगितलं. नवीन टाकण्यापेक्षा हा भंगारात द्या, म्हणाला. अरे, हात तरी लावून बघायचा होतास!

संध्याकाळी धम्मरत्न मिनलला हळूच म्हणाला, की त्याच्या ओळखीच्या एका कंपनीत लाइनवर बायका घेतायत, विचारू का. मिनल नुसती माझं झाकण पुसत उभी राहिली. तेव्हा मला कळलं, की भंगारात मी एकटा जाणार नव्हतो. तिचं कामही माझ्याबरोबर जाणार होतं.

गुरुवारी साहेबराव थिनरची बाटली घेऊन आले. प्रेसचा गंज याच्या एका फटक्यात निघायचा, म्हणाले. मी गर्भगळीत झालो! माझी रबरं, माझ्या नळ्या, काय शिल्लक राहिलं असतं? मिनलनं बाटली त्यांच्या हातातून हळूच घेतली. पप्पा, मला एकदा बघू द्या, एवढंच म्हणाली. रात्रभर तिनं मोबाइलवर काय काय वाचलेलं होतं. वायरींच्या लाइनवर काम केलेल्या बाईचे हात ते, घाई त्यांना माहीत नाही.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घरात होतंच. तिनं ते जरा कोमट केलं. साहेबरावांचं चष्मा पुसायचं मऊ कापड मागून घेतलं, घडी घालून ओलं केलं आणि माझ्या हेडच्या वाटेत ठेवलं. मग हेड बोटानं सरकवून बरोबर त्यावर आणून उभं केलं. आहाहा! कित्येक दिवसांनी ओलावा लागला. स्वयंपाकघरात तानुबाई मिरच्या भाजत होत्या. पाकिटं बिननावाची का होईना, भरायची तर होतीच. घरभर ठसका उठला होता आणि मी त्या ओल्या कापडावर गप्प बसून होतो. दुपार कलल्यावर मिनलनं कापड काढलं, तर त्यावर लाल डाग. एकदाच साफ करायचा हुकूम दिला, थोडा वेळ थांबली, मग चाचणीचा कागद काढला. लाल रेघा निम्म्या तुटक. पुन्हा ओलं कापड, पुन्हा दम. दुसऱ्या कागदावर सगळ्या रेघा अखंड निघाल्या. तिनं एक लेबल छापलं. तानुबाई त्यात अगदी तानुबाईंसारख्या दिसत होत्या. बाकीची सकाळी काढू म्हणून मिनल पोळ्या करायला उठली.

कागद माझ्यातून नुकताच बाहेर पडला होता. हेड आपल्या जागेकडं निघालेलं, निम्म्या वाटेवर. तेवढ्यात साहेबराव फिरायला निघाले. जाता जाता त्यांचा हात भिंतीकडं गेला.

खट्.

झालं! रोजच्यासारखं. हेड जागेवर असलं तर निभायचं, वाटेत सापडलं की उघडं पडायचं. मी बोंबलून सांगत होतो, थांबा, मला घरी पोचू द्या! पण वीज गेल्यावर माझा आवाज कुठला? शाईची छिद्रं उघडी टाकून हेड वाटेतच थिजलं आणि वैशाखाच्या उकाड्यात रात्रभर तसंच राहिलं.

शुक्रवारी सकाळी तानुबाई पुन्हा हिरव्या निघाल्या.

छापायच्या आधी, मेन लावण्यापूर्वीच, मिनलनं धूळ पुसायला माझं झाकण उघडलं होतं. तेव्हा हेड कोपऱ्यात नव्हतं, मधेच उभं होतं, ते तिला आता आठवलं. ती माझ्या हेडकडं बघत राहिली, मग भिंतीवरच्या बटणाकडं. तिला कळलं! माझा जीव भांड्यात पडला. आणि मग ती काय म्हणाली असेल? काहीच नाही. सासऱ्यांना कसं सांगायचं? ज्या माणसानं स्वतः भिंत फोडून बोर्ड बसवला, त्यालाच म्हणायचं का, की पप्पा, तुम्हीच बिघडवलंत? तिनं मुकाट्यानं पाणी कोमट करायला ठेवलं. मला इतका राग आला! सांग ना गं, आज तरी सांग! उद्या जत्रा आहे!

पण तानुबाई दारातून सगळं बघत होत्या. कुठल्या बटणानं काय होतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण सुनेची नजर कुठून कुठं गेली ते त्यांना दिसलं. त्यांनी मिनलला खोदून विचारलं आणि मग थेट साहेबरावांच्या खुर्चीपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"रोज सांजच्याला तुमी खट् करता," त्या म्हणाल्या, "आन सकाळी माझं तोंड हिरवं निघतंय."

साहेबरावांना आधी पटेना. मग ते चिडले. मेन चालू ठेवून आपण आजवर एकही मशीन सोडलं नाही, म्हणाले. आणि मग त्यांनी कोंडीरामची गोष्ट काढली, जी घरात सगळ्यांनी ऐकलेली होती. प्रेस बंद आहे समजून कोंडीराम साचा पुसत होता आणि कुणीतरी मेन चालू केला. त्याची बोटं गेली. तेव्हापासून कंपनीत नियम झाला, की जो मशीनवर काम करतो त्यानं आपल्या नावाची लाल पाटी मेनला अडकवायची. ती पाटी फक्त त्यानंच काढायची. मॅनेजर आला तरी त्यानं हात लावायचा नाही.

तानुबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"ती प्रेस होती," त्या म्हणाल्या. "हितं कुणाची बोटं जात न्हाईत. हितं पोरीचं काम जातंय."

मलाही, खरं सांगतो, क्षणभर राग विसरायला झालं. म्हातारा माझ्या वाइटावर नव्हता. त्याला भीती वाटत होती, आणि ती वाटण्याजोगीच होती. पण भीती त्याची आणि शिक्षा मला, हा कुठला न्याय?

साहेबराव उठून माझ्यापाशी आले. बंद कसं करायचं ते दाखव, असं मिनलला म्हणाले. तिनं माझ्या अंगावरचं बटण दाबलं. हेड सरकत कोपऱ्यात गेलं, खालून झाकण चढलं, दिवा लुकलुकून विझला. त्यांनी कान देऊन ऐकलं. पुन्हा कर, म्हणाले. पुन्हा ऐकलं. मग म्हणाले, आता मेन चालू राहिला तरी हे झोपलेलंच ना? मिनल हो म्हणाली.

दुपारी माझी लाल छिद्रं दुसऱ्यांदा मोकळी झाली. लेबलं छापायला घेणार, तोच साहेबरावांनी मिनलला थांबवलं. आधी एक पाटी काढ, म्हणाले. लाल रंगात, मोठ्या अक्षरांत. त्यांनी मजकूर सांगितला, तिनं टाइप केला, आणि अडलेली सगळी शाई मी त्या पाटीवर ओतली. 'काम चालू आहे. स्विचला हात लावू नये.' त्याखाली 'नाव' असं लिहून त्यांनी जागा मोकळी ठेवायला सांगितली होती. मार्करनं ती त्यांनी स्वतः भरली आणि पाटी दोऱ्यानं बोर्डाला अडकवली. त्यानंतर मी संध्याकाळपर्यंत तानुबाई छापत राहिलो, एकही हिरवी नाही.

माझी माफी मात्र अजून कुणी मागितलेली नाही, हे लक्षात असू द्या. मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला भिंतीवरून मारू नका. त्याच्या अंगावरच्या बटणानं बंद करा आणि तो आपल्या जागी जाऊन बसेपर्यंत जरा थांबा. आठवड्यातून एखादं रंगीत पान काढा. छिद्रं वाळलीच, तर थिनर नको, चार शिव्या नकोत. स्वच्छ कोमट पाणी, मऊ कापड आणि थोडा धीर पुरतो. आणि कुणाला भंगारात घालण्याआधी त्याला एकदा विचारा तरी, की बाबा रे, तुला झालंय काय?

रविवारी जत्रा संपली. सगळी पाकिटं खपली होती आणि तानुबाई रिकामी पिशवी घडी करत दारात बसल्या होत्या. धम्मरत्न रात्रपाळीला निघाला. जाता जाता, वडिलांचं बघून लागलेल्या सवयीनं, त्याचा हात माझ्या बोर्डाकडं गेला.

"पाटीवर नाव कुणाचं हाय?" साहेबरावांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

धम्मरत्ननं वाकून वाचलं. "मिनलचं."

"मग तिला विचार."

धम्मरत्ननं हात मागं घेतला आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून मिनलला हाक मारली.