डब्यातलं लिंबू

रिटायर झाल्यावरही ज्या माणसाच्या अंगातली बदली उतरत नाही, त्याला काय म्हणावं? रत्नमाला गुलाबरावांना पुष्कळ काही म्हणत असे, आणि तेही शेजारच्या सिंघवीबाईंना भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"घर सोताचं, आंगण सोताचं, माती सोताची. अन् झाडं तेलाच्या डब्यात! अवो, कोन्या ठेसनावर उतरवाची हायेत?"

गुलाबराव रेल्वेत फिटर होते. अकोल्याहून निघालेला माणूस महू, रतलाम, अजमेर करत जयपूरला येऊन थांबला. क्वार्टर सरकारचं, म्हणून झाडं डब्यात. डब्यांना तारेच्या कड्या. दर रविवारी ते प्रत्येक डबा हातभर सरकवत. "मूळ खाली उतरलं का मग उचलताना तुटते," एवढंच सांगत.

आता मुलानं, राजरत्ननं, जयपूरलाच, सांगानेरकडे घर बांधलं होतं. तरी गुलाबरावांच्या ट्रंकांचे दोर सुटले नव्हते आणि रविवार चुकत नव्हता. त्यांना अकोल्याला परतायचं होतं. रत्नमालेला नव्हतं. महूला तिनं कुंपणाशी मोगरा लावला होता. तो फुलला तेव्हा यांची बदली झालेली, क्वार्टरात दुसरी बाई होती आणि फुलं तिच्या केसात. आता तिला आपल्या हातचं झाड आपल्याच दारात म्हातारं झालेलं पाहायचं होतं.

"आई, बाबांना थोडा टाइम दे ना. मतलब, हळूहळू होईल," राजरत्न म्हणाला.

"डब्यात त्या लिंबाले अजून एक फूल आलं नाही, अन् तुह्या बापाले टाइम पाह्यजे!"

होळीच्या सुमारास गुलाबराव पुतण्याच्या लग्नाला अकोल्याला निघाले. फाटकाशी थांबून म्हणाले, "रविवारी डबे सरकवजो."

"बरं," रत्नमाला म्हणाली.

रविवार आला. तिनं सगळे डबे सरकवले, लिंबाचा सोडून. उलट तांदळाचं धुवण डब्यात न ओतता डब्याभोवतीच्या मातीत ओतू लागली. लग्न झालं, पाहुणचार झाला, उन्हं तापली, तरी गुलाबरावांचा पत्ता नाही. मग एक दिवस फोन आला, "भावानं मागची खोली देली आपल्याले. आलो का ट्रक पाह्यतो."

त्या दिवसापासून तिचा पाय घरात ठरेना. पोळी तव्यावर टाकून ती अंगणात यायची, धुरानं परत पळायची. वरून विमान गेलं तरी तिला ट्रकच आल्यासारखा वाटायचा. लिंबाच्या डब्याला हात लावायची, पण ढकलून पाहायची नाही. सरकला तर?

गुलाबराव आले. पिशवी ओट्यावर ठेवून पाण्याआधी डब्यांकडे गेले. एकेक उचलून पाहिला. लिंबाच्या कड्या धरून जोर लावला, तर कडी हातात आली आणि डबा जागच्या जागी.

"हा सरकवला नाही?"

"नाही."

"मी सांगून गेलतो."

"अन् मी ऐकून घेतलं."

ते बसले. बोटांनी माती उकरली. गंजक्या बुडातून करंगळीएवढं मूळ सरळ खाली गेलं होतं. त्यांनी खुरपं उचललं. रत्नमाला एक पाऊल पुढे आली. विनवणी तिच्या तोंडाला कधी शोभलीच नव्हती. खुरप्याचं पातं मुळाला टेकलं आणि तिथंच राहिलं. गुलाबराव वर पाहत होते. फांदीच्या टोकाला जांभळट कळ्या धरल्या होत्या.

"कळी हाय," ते पुटपुटले.

"हाय तर! दिसते मले." आता मात्र ती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "अवो, आयका. तुमाले जायाचं असंन तर ट्रकात ट्रंका टाका, बाकीचे डबे टाका, सोताही बसा. हे लिंबू अन् मी इथून उठत नाही. तुमी माणूस वाईट नाही, पण एका जागी बसाचं तुमाले रेल्वेनं शिकवलं नाही अन् मी शिकवाले उशीर केला. ठेवा ते खुरपं. पत्रा कापाची कातर आणा, फिटर होते ना? डबा कापा. मुळाले हात लावसान, तर आजपासून जेवाले अकोल्याले जा!"