माझ्या तोंडावरची काळी पट्टी

मी एक जुना किरणमापक आहे. पिवळा पत्र्याचा डबा, वर काचेत एक काटा, खांद्याला अडकवायला पट्टा आणि बोलायला जाळीचं तोंड. त्या तोंडावर बरीच वर्षं काळी चिकटपट्टी होती. मित्रांनो, माझी गोष्ट मी रागाने सांगणार आहे. गोड बोलण्यासारखं माझ्याकडे फारसं उरलेलं नाही.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा माझं फार कौतुक झालं. डोळ्यांना न दिसणारे घातक किरण जवळ आले की कटकट आवाज करायचा आणि काटा वर न्यायचा, एवढंच माझं काम. कुवेतला आलो आणि पाइपांचे जोड तपासणाऱ्या एका टोळीत लागलो. ही माणसं जोडाचा आतून फोटो काढत. त्यासाठी जड डब्यातली, किरण सोडणारी एक बारीक गोळी नळीतून बाहेर सरकवायची आणि काम झालं की परत आत ओढायची. ती खरंच आत गेली की नाही, हे सांगायला मी होतो.

मला वाहणारा माणूस शंकर, कुडाळकडचा. रोज रुमालाने माझी काच पुसायचा. वाळूचं वादळ आलं की आधी मला शर्टात घ्यायचा आणि मग स्वतःचं तोंड झाकायचा.

पण मी ओरडलो की सगळ्यांना लांब जाऊन थांबावं लागे, काम रखडे. फोरमनला ते खपेना. “इसका मुँह बंद करो,” म्हणत त्याने ही पट्टी चिकटवली. तेव्हा मला धरून शंकरच उभा होता. तोही हसला होता.

एका दुपारी गोळी नळीतच अडकली. माझा काटा टोकाला जाऊन थरथरत होता. आतल्या आत मी गळा फाडून ओरडत होतो. कोणी बघितलं नाही. शंकरने ती नळी हातात घेऊन गुंडाळली. काही दिवसांत त्याच्या उजव्या अंगठ्याला फोड आले, कातडी निघाली, नख गळलं. गरम पाइपाला हात लागला असेल, असं म्हणून फोरमनने मलम दिलं. पुढे टोळी मोडली. शंकर रुमैथियात एका घरी ड्रायव्हर झाला आणि मी शुवैखच्या भंगारात पडलो. या माणसांचं पुढे काय झालं, हे विचारायला कोणी फिरकलं नाही. पाइपांचे जोड मात्र अजून तपासले जातात.

अखेर विचारलं ते डॉक्टर अदिबाने. ती रत्नागिरीकडच्या घरातली, पण वाढली इथेच. किरणांजवळ काम केलेल्या जुन्या कामगारांची रक्ताची, डोळ्यांची, कातडीची तपासणी तिने दर शुक्रवारी सुरू केली. भंगारातून मला आणून टेबलावर ठेवलं, आपण कशाजवळ काम केलं ते लोकांना आठवावं म्हणून.

एका शुक्रवारी तिने शंकरचं नाव पुकारलं आणि भलताच माणूस येऊन बसला. तो होता दत्तप्रसाद, शंकरच्या खोलीतला आचारी. ठणठणीत गडी. त्याने बाही सरकवून हात पुढे केला. माझ्या अंगाची आग झाली, मित्रांनो. पण तोंडावर पट्टी.

अदिबाने सुई बाजूला ठेवली. “शंकरभाऊ, आधी अंगठा दाखवा. फोनवर म्हणालात ना, नख पुन्हा आलंच नाही?”

दत्तप्रसादच्या अंगठ्यावर चांगलं हळदीने पिवळं झालेलं नख होतं. त्याने मान खाली घातली.

“मॅडम, मी दत्तप्रसाद. शंकर गाडीत बसलो हा. थकवो कमी होणा नाय, हिरड्यांतून रगत येता. पण तपासणीत काय निघाला तर इकामा, हंय रवाचो परवानो, नवो होवचो नाय, घराक धाडतीत. चेडवाचा, रुपालीचा शिक्षाण अर्ध्यार आसा. म्हटला, माझा रगत देतंय.”

“मी कोणाला कळवत नाही. रिपोर्ट त्यांच्याच हातात देते.”

“आमका सगळे असाच सांगतत.”

आणि यात त्याचं तरी काय चुकलं? आजवर प्रत्येक तपासणी या माणसांना घालवून देण्यासाठीच झाली. बरं करण्यासाठी कोणी सुई टोचतं, यावर त्यांनी विश्वास कसा ठेवावा?

“दत्तप्रसादभाऊ,” अदिबा म्हणाली, “तुमचं रक्त चांगलंच निघेल. मग मी शंकरभाऊंना ठणठणीत म्हणेन आणि ते उपचारावाचून जातील.”

तिने मला पट्ट्याने उचललं आणि आम्ही तिघं बाहेर गेलो. शंकर गाडीत मान टेकून बसला होता, पार वाळलेला. मला पाहून त्याने हात पुढे केले.

“हो डबो अजून आसा?” त्याने मला मांडीवर घेतलं, रुमालाने काच पुसली आणि अंगठ्याने पट्टीची कड उचकटू लागला. ती काही उचलेना. नखच नव्हतं. थोड्या वेळाने तो थांबला आणि अंगठ्याकडे बघत राहिला.

“दत्ता, तू काढ,” तो म्हणाला. “मी आत जातंय.” दत्तप्रसादने नखाने कड उचकटून पट्टी ओढून काढली.

रिपोर्ट अजून यायचा आहे. काय निघेल, मला ठाऊक नाही. फोरमनला कोणी जाब विचारलेला नाही, हेही ठाऊक आहे.

मित्रांनो, धोका सांगणारा आवाज कामाच्या आड येतो म्हणून कोणी पट्टी आणेल. तुम्हाला म्हणेल, जरा धर याला. धरू नका.