तिसरा हात

मावशी बिशप होणार होती, आणि नेमके बिशपच कमी पडत होते.

कॅथेड्रलच्या मागच्या खोलीत आर्चबिशप फोन कानाला लावून उभे होते. ते सगळ्या बिशपांमधले वरिष्ठ. अंगात सोनेरी काठाचा झगा, पायांत मात्र अजून घरच्याच चपला.

"धुकं," फोन ठेवत ते म्हणाले. "विमान उतरतच नाहीये. आपले तिसरे बिशप वरच घिरट्या घालतायत."

"मग तुम्ही आणि ते आलेले दुसरे बिशप, दोघांनीच उरका ना," मी म्हणाले.

"तीन बिशपांनी डोक्यावर हात ठेवल्याशिवाय कुणी बिशप होत नाही, बाई."

"पण तुम्ही सर्वांत मोठे. तुमचा एक हात दोघांच्या बरोबरीचा नाही का धरता येणार?"

ते खो खो हसले. "विज्ञान शिकलीस ना? मग मोज की. मी पहिला आहे, पण आहे एकच."

मावशी खिडकीतून बाहेर बघत होती. लांबलांबून आलेली माणसं बाकांवर दाटीवाटीने बसली होती. त्यांना परत पाठवायचं? तिचा चेहरा एवढासा झाला होता.

मला राहवेना. "निवृत्त बिशप चालतो का?"

"चालतो. माणूस निवृत्त होतो, बिशपपण नाही," आर्चबिशप म्हणाले आणि एकदम मावशीकडे बघू लागले.

कारण बाहेर निवृत्त बिशप एकच होते, पहिल्या रांगेत: माझे आजोबा, म्हणजे मावशीचे वडील. बायकांना पाळक, म्हणजे चर्चच्या धर्मगुरू, करावं का, यावर पूर्वी सभेत मतं घेतली, तेव्हा विरोधात सर्वांत आधी वर गेलेला हात त्यांचाच होता. आज 'फक्त बाप म्हणून येतो' असं बजावून ते आले होते. मांडीवर एक बॅग होती, तिला कुणाला हात लावू देत नव्हते. औषधं असतील, असं मी धरून चालले होते.

"पप्पांना नका विचारू," मावशी म्हणाली. "नाही म्हणाले तर मला आयुष्यभर तेवढंच आठवेल."

"अवघड जागी जाऊन विचारणं, हेच तर माझं काम," म्हणत आर्चबिशप तसेच चपला फटफटवत निघाले. आम्ही दोघी मागोमाग.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. मग भुवई उंचावली. "हुकूम आहे का हा?"

"तुमच्यावर माझा हुकूम कुठला चालायला? विनंती आहे."

"बरं झालं. हुकूम असता तर मोडला असता."

त्यांनी बॅग उघडली. आत त्यांचा जुना लाल झगा होता, कडक इस्त्री केलेला.

मावशी बघतच राहिली. "पप्पा, हा कधी काढलात?"

"पहाटे. खिडकी उघडली, तर धुकं." त्यांनी घसा खाकरला. "म्हटलं, असू द्यावा जवळ. किती वेळ बसलोय, कुणी विचारेल तर शपथ!"

मावशी हसता हसता रडायला लागली. "उशीर नको," आजोबा म्हणाले आणि आर्चबिशपांच्या पायांकडे बोट दाखवलं. "तुम्ही आधी बूट घाला."

मावशी गुडघे टेकून बसली आणि तिघांचे हात तिच्या डोक्यावर आले. कुणाचा हात वर, कुणाचा खाली, हे मला मागून दिसेना. म्हणून नंतर मी मावशीलाच विचारलं, आर्चबिशपांचा हात वेगळा ओळखू आला का?

"छे गं! तिन्ही सारखेच." मग डोकं चोळत ती हसली. "फक्त शेवटी एकाने हळूच टपली मारली."