दरबारचं तेल

तेलाचा पत्ता नाही, पण दरबाराने तेलाचा कायदा केला. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, दुसरं काय! तिकडे आसामात, ब्रह्मदेशात जमिनीतून तेल निघतं, विलायती कंपन्या गब्बर होतात, मग ग्वाल्हेरनेच काय घोडं मारलंय, असं कोणाच्या तरी डोक्यात आलं असणार. कायदा असा की ज्याच्या जागेत तेलाची खूण दिसेल त्याने खबर द्यायची. खबर दिली की तपासणी होईपर्यंत तिथे खणायचं नाही, पाणी काढायचं नाही, दिवा न्यायचा नाही. तेल निघालं तर ते दरबारचं, जागेच्या मालकाला हिस्सा. अन् खबर देऊन फसवलं तर सरळ कैद.

नेमक्या त्याच हिवाळ्यात खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या मानसिंगरावांच्या विहिरीवर तवंग आला. मानसिंगरावांनी घरात कोणाला विचारलं नाही की पुसलं नाही, खबर देऊन मोकळे झाले. शिपाई आला, रहाटाचा दोर सोडून घेऊन गेला, विहिरीवर फळ्या ठोकल्या. गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन परतल्या आणि परतताना जे बोलायचं ते बोलल्याच.

त्या दिवसापासून विजयाबाईंना चैन म्हणून नाही. पोळी तव्यावर टाकायची आणि परसदारी जाऊन फळ्या बघून यायचं. दारावर कोणी थाप मारली की दाराआड उभं राहून कानोसा घ्यायचा. कारण तेल कुठून आलं ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनीच ओतलं होतं.

झालं होतं असं. हे घराणं पिढीजात शिलेदारांचं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घरातल्या तलवारी, भाला, कट्यारी पुरुषांनी आपल्या हाताने धुवायच्या, ही रीत. पण तीन वर्षांपूर्वी मानसिंगरावांचे हात कापायला लागले. पाण्याचा पेला ओठापर्यंत जाईना, तिथे तलवार कुठली धरता येणार! त्यांनी दरबारात जाणं सोडलं, कारण नजराणा हातावर धरून उभं राहावं लागतं. गल्लीत ते शालीत हात गुंडाळून फिरायचे. शस्त्रं मात्र खोली आतून बंद करून विजयाबाई धूत. गंजाला घासलेट लावत, पुसत, परत घासलेट लावत. नवरा-बायकोत याबद्दल एक अक्षर झालं नाही. ते धुवण शमीच्या झाडाखाली, जिथे कोणाचा पाय पडत नाही तिथे ओतायचं असतं, हे घरातल्या कुठल्याही पोराला माहीत. बायकांना कोण शिकवणार? विजयाबाईंनी ते दर वर्षी विहिरीशेजारच्या मोरीत ओतलं. मोरी फुटकी, ते झिरपलं विहिरीत.

मग सांगायचं नाही का नवऱ्याला? रोज ठरवत. पण मानसिंगराव असे खुशीत की विचारू नका. "या तेलाला हात लावावा लागत नाही, आपलं आपण वर येतं," म्हणत आणि हसत. ते हसू बघितलं की विजयाबाई घागर उचलून पाण्याला निघत. लांबून पाणी वाहून त्यांचे खांदे भरून आले, तरी सांगायचं ते राहिलंच.

चैत्रात भालचंद्रपंत आले. दरबारच्या कायदेखात्यातले, हा कायदा लिहिणारे तेच. सज्जन माणूस, पण कायद्याच्या बाहेर पाऊल टाकेल तर शपथ. मागून सगळी गल्ली आलीच. पंतांनी फळ्या काढवल्या, बाटलीत तवंग घेतला, लांब नेऊन वात बुडवून पेटवली आणि वास घेतला.

"मानसिंगराव, हे जमिनीतलं नाही, दुकानातलं आहे. साफ केलेलं घासलेट."

मानसिंगरावांनी बाटलीचा वास घेतला आणि विहिरीशेजारच्या फुटक्या मोरीकडे पाहिलं. पंतांनी टाक हातात घेतला.

"चुकून गेलं असेल तर कसं ते सांगा, मी लिहून घेतो. मुद्दाम ओतलं असेल तर मात्र माझा इलाज नाही."

"मी ओतलं," दाराआडून विजयाबाई म्हणाल्या. "डास फार झाले होते."

"पिण्याच्या विहिरीत, वहिनीसाहेब?" पंतांचा स्वर नरम होता, पण टाक थांबला नाही. "हे कोण मानेल? याला फसवणूकच म्हणतील."

"म्हणू देत. मीच ओतलंय, यांना काही माहीत नाही. काय शिक्षा असेल ती मला लिहा."

"त्या खोटं बोलतायत," मानसिंगराव म्हणाले. त्यांनी शाल काढून कठड्यावर ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. भर गल्लीसमोर ते हात थरथरत होते. "आमच्या घरात शस्त्रं या धुतात. माझ्याच्याने होत नाही. धुवण कुठे ओतायचं ते मी कधी सांगितलं नाही, म्हणून मोरीत गेलं. लिहा."

"हे सगळं लिहू? दरबारात वाचलं जाईल."

"लिहा म्हणतोय ना."

पंतांनी लिहिलं, शिपायाकडून रहाटाला दोर परत लावून घेतला आणि गेले. लोक मात्र जागचे हलले नाहीत. तमाशा फुकटचा असला की कोण हलतो!

"तुम्हाला माहीत होतं," मानसिंगराव हळूच म्हणाले. "इतके दिवस पाणी वाहिलंत. बोलला का नाहीत?"

"तुम्ही हसत होतात," विजयाबाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना.

मानसिंगरावांनी पोहरा विहिरीत सोडला आणि दोर ओढायला लागले. दोर हातातून निसटत होता, ते परत धरत होते. अर्धं पाणी वाटेतच सांडलं. विजयाबाई डोळे पुसून सगळ्यांदेखत बाहेर आल्या, पण दोराला त्यांनी हात लावला नाही. घागर घेऊन त्या शेजारी उभ्या राहिल्या.